कृषी पदवीचा अभ्यास कसा करावा: पाठांतर, प्लॉट आणि संख्याशास्त्र

प्रश्न असा आहे: "मी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका सेमिस्टरला आठ-नऊ विषय असतात. सॉईल, ॲग्रोनॉमी, एन्टो (कीटकशास्त्र), पॅथो (वनस्पतिरोगशास्त्र), जेनेटिक्स, इकॉनॉमिक्स, एक्स्टेन्शन (कृषी विस्तार), इंजिनिअरिंग, स्टॅटिस्टिक्स. परीक्षेआधी पाठ करते आणि पेपर झाला की विसरते. माझ्या घरी कुणी शेती करत नाही, त्यामुळे शेतकरी घरातल्या मुलांपुढे मी मागे पडते असं वाटतं. स्टॅटिस्टिक्स तर पूर्ण डोक्यावरून जातं. हे सगळं शेतात खरंच उपयोगी पडतं का? पडत असेल तर अभ्यास नेमका कसा करायचा?"

मी मृदाशास्त्राची. पदवी घेऊन २७ वर्षं झाली. त्यातली बरीचशी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि शेताच्या बांधावर गेली, मधली आठ वर्षं पदवीच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवण्यात गेली. तुझ्या प्रश्नासारखे प्रश्न त्या आठ वर्षांत खूप ऐकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपयोगाचं आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, उपयोगी पडतं, मी रोज वापरते. पण शेतात विषय वेगवेगळे होऊन समोर येत नाहीत आणि वर्गात ते वेगवेगळे करूनच शिकवावे लागतात. पाठ केलेलं टिकत नाही त्याचं मूळ इथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. मक्याच्या एका शेतात मधोमध चारेक मीटर रुंदीचा पट्टा पिवळा पडला होता. पट्ट्यातली झाडं गुडघ्याएवढी, शेजारची कमरेएवढी. खालच्या पानांवर टोकाकडून सुरू होऊन मधल्या शिरेच्या बाजूने आत घुसत जाणारा पिवळेपणा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. पुस्तकातल्या चित्रात असते तशी नत्राची कमतरता. मी नत्राचा आणखी एक हप्ता द्यायला सांगितला. दोन आठवड्यांनी पट्टा होता तसाच. मग माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ सहकारी फावडं घेऊन आले आणि त्यांनी पट्ट्यातच गुडघाभर खोल खड्डा घेतला. खड्ड्याची एक बाजू सरळ तासली आणि खिशातल्या चाकूचं टोक वरून खाली थोड्या थोड्या अंतरावर टोचत नेलं. वरच्या अठरा-वीस सेंमीपर्यंत पातं सहज आत जात होतं. तिथून पुढे ते अडलं. मक्याची मुळं त्याच जागी येऊन काटकोनात वळली होती आणि त्या थरावरून आडवी पसरली होती. थराच्या लगेच वरची माती करडी-निळसर, तिला कुबट वास.

आधीच्या हंगामात जमीन ओली असतानाच कापणी उरकली होती आणि भरलेल्या ट्रॉल्या त्या पट्ट्यावरून गेल्या होत्या. माती दाबली गेली, पाणी खाली उतरेना, मुळांशी हवा राहिली नाही. अशा मातीतले जिवाणू ऑक्सिजन नसला की नायट्रेट वापरतात आणि त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो. मी दिलेला जास्तीचा हप्ताही त्याच वाटेने गेला असणार. नत्र कमी पडला की झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढत होता.

त्या एका खड्ड्यात किती पेपर होते बघ. मातीची घनता सॉईल फिजिक्सच्या पेपरात येते, चाकांचा भार इंजिनिअरिंगच्या, नायट्रेटचा वायू होणं, म्हणजे डीनायट्रिफिकेशन, मायक्रोबायॉलॉजीच्या, नत्राचं पानातून पानात जाणं फिजिऑलॉजीच्या, आणि जमीन ओली असताना कापणी का उरकावी लागली हे इकॉनॉमिक्सच्या. मातीच्या या घनतेच्या, म्हणजे बल्क डेन्सिटीच्या, व्याख्येला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. भारी मातीत ही घनता घन सेंमीला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळं अडखळतात, हेही मी लिहिलं होतं. पण ती दीड घनता चाकूच्या टोकाला कशी लागते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर ते कधी विसरले नाही.

म्हणून कुठलाही धडा वाचताना दोन गोष्टी विचारायची सवय लाव: का, आणि किती?

"का"चं उदाहरण घे. अन्नद्रव्यांच्या कमतरतेची लक्षणं हा तक्ता प्रत्येक मूल पाठ करतं आणि प्रत्येक मूल विसरतं, कारण नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम, लोह, जस्त, बोरॉन अशी लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे "पाने पिवळी पडतात". तक्ता बाजूला ठेव आणि एकच प्रश्न विचार: झाडाला हे अन्नद्रव्य जुन्या पानातून काढून नव्या पानात नेता येतं का? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम नेता येतात, म्हणून कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन सहसा हलवता येत नाहीत, म्हणून कमतरता शेंड्याकडे दिसते. गंधक मधलं, पण बहुतेक पिकांत नव्या पानांवर आधी दिसतं. आता मॅग्नेशियम आणि लोह या दोन्हींत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तरी तुझा गोंधळ होणार नाही. पान झाडाच्या कुठल्या भागातलं आहे तेवढं बघायचं. त्याच्याही मागे जा. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही पीक पिवळं का? कारण पीएच एक अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. जमिनीत लोह आहे, पण मुळाला मिळेल अशा रूपात नाही. एवढं समजलं की "चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची फवारणी पानांवर का करतात" हा प्रश्न पाठ करायची गरज उरत नाही.

"किती" याकडे विद्यार्थ्यांचं फार दुर्लक्ष होतं, म्हणून यावर जरा थांबते. काही आकडे तोंडावर हवेतच. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरला १०,००० लिटर. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंमीचा थर सुमारे २० लाख किलो भरतो. घनता १.३३ धरून तू स्वतः गुणाकार करून बघ. त्यामुळे माती तपासणीच्या अहवालात एखादं अन्नद्रव्य १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) असेल तर त्या थरात ते हेक्टरी २ किलो आहे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया.

स्फुरदाबाबत एक चूक मी पदवीधरांकडूनही वारंवार पाहिली आहे. खताच्या पिशवीवर आणि शिफारशीत स्फुरद पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडच्या रूपात मोजतात, तर प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळदा मूलद्रव्य म्हणून देतो. १९ व्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ राखेचं पृथक्करण ऑक्साइडमध्ये लिहीत, तीच रीत आजवर चालत आली. ऑक्साइडचं मूलद्रव्य करायचं तर ०.४४ ने गुणायचं. हे लक्षात नसेल तर हिशेब सव्वादोन पटीहून जास्त चुकतो. पालाशासाठी हा गुणक ०.८३ आहे. हिशेबाचा कागद समोर आला की आधी विचार, आकडा कशाचा आहे?

आणि हा २० लाख किलोंचा आकडा घेऊन जरा पुढे जा. उपलब्ध स्फुरद काढायची ओल्सेन यांची पद्धत १९५४ ची, आजही रोज वापरात आहे. तिच्यात आम्ही माती घेतो फक्त २.५ ग्रॅम. म्हणजे हेक्टरातल्या ८० कोटी भागांपैकी एक भाग. त्या अडीच ग्रॅमवर सगळ्या शेताचं खत ठरतं. आता सांग, नमुना घ्यायचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं आहे का? वर्गातली मुलं बांधाजवळची, हाताला येईल ती माती पिशवीत भरून मोकळी होतात, तेव्हा मला खरोखर यातना होतात. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणं निवडायची. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा. व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची सारख्या जाडीची चकती वरपासून खालपर्यंत काढायची. शेणखताचा ढीग पडलेली जागा, झाडाखालची, बांधाजवळची, पाणी साचणारी जागा टाळायची. सगळी माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. इथे झालेली चूक प्रयोगशाळेतलं कुठलंही महागडं यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

याच संदर्भात जर्नलबद्दल बोलायलाच हवं. एका वर्षी तीस मुलांची जर्नल तपासायला आली आणि तीसही जर्नलमध्ये मातीतला ओलावा १२.४ टक्के. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या जागेची माती आणली होती. एकाने ओव्हनमध्ये ठेवून वजन केलं असेल, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ओल्या मातीचा डबा हातात घेऊन, १०५ अंशांवर सुकवून, पुन्हा तोलून आलेला स्वतःचा आकडा हीच त्या तासाची कमाई असते. तुझा आकडा चुकीचा आला तर चुकीचाच लिही आणि शेजारी कारण लिही: झाकण उघडं राहिलं, तराजू शून्यावर नव्हता, डबा गरम असतानाच तोलला. असं जर्नल लिहिणारी मुलं नंतर प्रयोगशाळेत फार लवकर तयार होतात.

आता घरी शेती नसल्याबद्दल. तुझ्या वर्गमित्रांकडे जे आहे ते खरं आहे, त्याला कमी लेखू नकोस. जमिनीला वाफसा आला की नाही हे त्यांना बांधावरून कळतं. तुला ते अजून कळत नाही, पण शिकता येतं. मूठभर माती घे, दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. पडून सुटा झाला तर मशागतीला बरी, चिकटून चपटा झाला तर अजून ओली, गोळाच होईना तर फार कोरडी. मातीच्या प्रकाराप्रमाणे हे बदलतं, म्हणून एकाच शेतात पावसानंतर रोज एकदा, सलग आठ दिवस करून बघ. आणि त्या मुलांना मोकळेपणाने विचार: औत कधी घालायचं हे तुझे वडील कसे ठरवतात? ते सांगतील, आणि सांगताना त्यांनाही कारण शोधावं लागेल. शेतकरी घरातल्या मुलांची अडचण वेगळी असते. घरी जसं करतात तसंच बरोबर, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं आणि "का" विचारायला ते बिचकतात. तुम्ही दोघं मिळून अभ्यास केलात तर दोघांचाही फायदा आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा एक तुकडा मिळव. दोन मीटर बाय तीन मीटर पुरे. कॉलेजच्या प्रक्षेत्रावर अशी पडीक कड कुठे ना कुठे असते, प्राध्यापकांना विचारलं तर बहुतेक वेळा मिळते. पदवी संपेपर्यंत तोच तुकडा ठेव, बदलू नकोस. एक वही फक्त त्याची. तारीख, पाऊस, झाडाची उंची, पानांची संख्या, पहिली कीड कधी दिसली, दहा झाडांवर किती दिसल्या. "पीक चांगले आहे" असं वहीत कधी लिहू नकोस, मोजून लिही. एका ओळीत बी मुद्दाम दुप्पट खोल पेर आणि किती दिवसांनी वर येतं ते बघ. दर आठवड्याला एक झाड मुळासकट काढ, पाण्यात हलक्या हाताने धू, मुळांचं चित्र काढ. वाटाणा किंवा घेवडा लावलास तर मुळांवरच्या गाठी ब्लेडने काप: आत गुलाबी-लालसर दिसली तर जिवाणू नत्र बांधत आहेत, पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाहीत. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातलग. हा शब्द तुला पुस्तकातून पाठ करावा लागणार नाही.

आणि एक पट्टी बिनखताची ठेव. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८४३ मध्ये जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे. त्यातल्या एका पट्टीला तेव्हापासून खत नाही, शेणखतही नाही. तरी तिथे हेक्टरी साधारण एक टन गहू येतो. सगळं गेलं तरी माती किती देत राहते आणि कुठे थांबते, हे त्या पट्टीने जितकं शिकवलं तितकं कुठल्या व्याख्यानाने शिकवलं नसेल. तुझी पट्टी तीन-चार वर्षांची असेल, तरी शेजारच्या पट्टीतला फरक तुझ्या वहीत येईल.

तुझ्या तुकड्याची आणखी एक गरज आहे, ती म्हणजे स्टॅटिस्टिक्स. डोक्यावरून जातं कारण ते सूत्रांपासून सुरू करतात. तू शेतापासून सुरू कर. तुकड्याचे सारखे बारा चौकोन पाड. सगळीकडे एकच वाण, एकच खत, एकच पाणी. कापणी मात्र चौकोनागणिक वेगळी कर आणि तोल. बारा आकडे वेगवेगळे येतील, आणि फरक तुला वाटतो त्याहून मोठा असेल. मर्सर आणि हॉल यांनी हेच १९११ मध्ये छापलं होतं: एक एकर गव्हाचे ५०० लहान प्लॉट, सगळ्यांना वागणूक सारखी, तरी सर्वांत जास्त धान्य देणारा प्लॉट सर्वांत कमी देणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता स्वतःला विचार. दोन चौकोनांत काहीही वेगळं न करता एवढा फरक पडत असेल, तर एका चौकोनात नवा वाण लावून तो जास्त आला म्हणजे वाण चांगला, असं म्हणायचं कशाच्या जोरावर? सगळं संख्याशास्त्र या एका प्रश्नातून निघतं. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रॉथम्स्टेडला गेले ते अशाच वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा अर्थ लावायला. तिथे त्यांनी व्हेरिअन्सचं पृथक्करण (आकड्यांतला फरक कशाकशामुळे आला हे वेगळं करणं) आणि प्रयोगाची मांडणी उभी केली. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, गॉसेट यांनी "स्टुडंट" या टोपणनावाने मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची रीत दिली, तीच तुझी टी-टेस्ट. ते गिनेसच्या मद्यनिर्मितीत काम करत आणि बार्लीचे प्रयोग त्यांच्या कामाचा भाग होते. म्हणजे तुला परका वाटणारा हा विषय मोठा झाला तो शेताच्या बांधावर.

एकदा असमानता डोळ्यांनी पाहिलीस की बाकीचं सरळ आहे. एकच वागणूक अनेक ठिकाणी का द्यायची? एका जागेच्या नशिबावर निकाल ठरू नये म्हणून, ती रेप्लिकेशन. चिठ्ठ्या टाकून जागा का ठरवायच्या? आपल्या आवडत्या वाणाला नकळत चांगली जागा मिळू नये म्हणून, ते रँडमायझेशन. शेताला उतार असेल तर उताराच्या आडव्या पट्ट्या का पाडायच्या आणि प्रत्येक पट्टीत सगळे वाण का लावायचे? वरच्या आणि खालच्या जमिनीतला फरक हिशेबातून वेगळा काढता यावा म्हणून, ते ब्लॉक. आणि सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, याचा अर्थ इतकाच की एवढ्याहून कमी फरक असेल तर तो जमिनीच्या असमानतेतूनही आलेला असू शकतो. एका वाणाने हेक्टरी ४२ क्विंटल दिलं, दुसऱ्याने ४५, आणि सीडी ४ असेल, तर दुसरा वाण सरस आहे असं हा प्रयोग सांगत नाही. जाहिरातीत हेच ४५ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्या पानावर सीडी शोधणारा माणूस शेतकऱ्याचे एक हंगामाचे पैसे वाचवतो. मला या विषयाचं महत्त्व इतकं वाटतं ते एवढ्यासाठी.

जेनेटिक्स आणि पॅथो वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नयेत, हे पटवायला एक घटना सांगते. संकरित मक्याचं बी तयार करताना मादी ओळींचे तुरे खुडावे लागतात, नाहीतर त्या स्वतःच्याच परागाने फळतात. या कामाला भरपूर मजूर लागत. मग टेक्सास सायटोप्लाझम (सायटोप्लाझम म्हणजे पेशीद्रव्य, ते आईकडून येतं) नावाचं नरवंध्यत्व हाती आलं: परागच तयार होत नाही, तुरे खुडायला नकोत. खर्च वाचला आणि अमेरिकेत ते झपाट्याने पसरलं. १९७० पर्यंत तिथल्या संकरित मक्यापैकी सुमारे ८५ टक्के मक्यात हेच सायटोप्लाझम होतं. त्या वर्षी उष्ण-दमट हवेत करप्याच्या बुरशीचा एक प्रकार, रेस-टी, उठला. त्याचं विष नेमकं त्याच सायटोप्लाझमच्या मायटोकॉन्ड्रियावर चालत होतं. त्या हंगामात देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. फिलिपिन्समधून १९६१ मध्येच या सायटोप्लाझमच्या रोगप्रवणतेची नोंद आली होती. आईकडून येणारा वारसा, मजुरीचा खर्च, बुरशीचं विष आणि हवामान, या चारपैकी एक धागा काढला तर ही घटना समजतच नाही. रोगाचा त्रिकोण पाठ करताना, म्हणजे यजमान, रोगकारक आणि वातावरण, ही घटना त्यात भरून बघ.

बाकीच्या विषयांवर थोडक्यात. एन्टोमध्ये नावांच्या आधी तोंडाची रचना बघ: कुरतडणारी की रस शोषणारी, यावरून नुकसानीची खूण आणि औषधाचा प्रकार दोन्ही कळतात. आणि कीड दिसली की फवारणी, असं नसतं. नुकसान खर्चाहून जास्त व्हायच्या आत जिथे हात घालायचा ती आर्थिक नुकसानीची संकेत पातळी (इकॉनॉमिक थ्रेशोल्ड) १९५९ मध्ये मांडली गेली, तिची व्याख्या इकॉनॉमिक्सच्या वहीत लिही, तिथे ती जास्त कळते. इंजिनिअरिंगमध्ये निदान फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन स्वतः साध्या पाण्याने कर. नोझलमधून मिनिटाला ०.६ लिटर पडतं, फवारा अर्धा मीटर रुंद, तू सेकंदाला एक मीटर चालतेस: मिनिटाला ३० चौरस मीटर भिजतात, म्हणजे हेक्टरी २०० लिटर. त्याच द्रावणाने निम्म्या वेगाने चाललीस तर औषधाची मात्रा दुप्पट झाली. बाटलीवरची मात्रा बरोबर मोजूनही पीक का करपतं, याचं उत्तर अनेकदा चालीत असतं.

एक्स्टेन्शनला मुलं सोपा विषय समजतात आणि मला ते पटत नाही. रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास छापला. बहुतेकांना पहिली माहिती विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण निर्णय घेताना शेजाऱ्याच्या अनुभवाचं वजन जास्त होतं, आणि सुरुवात बहुतेकांनी लहानशा तुकड्यावरच केली. तू उद्या कुणाला सल्ला देशील तेव्हा "सगळ्या शेतावर करा" म्हणू नकोस, चार ओळींवर करून बघायला सांग. कुणाच्याही शेतात गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं सल्ला न देता फक्त विचारत राहा: मागच्या वर्षी काय होतं, पाणी कधी दिलं, हा पट्टा आधीपासून असाच आहे का? त्या मक्याच्या शेतात मी ट्रॉल्यांबद्दल विचारलं असतं तर एक हप्ता वाया गेला नसता.

आता परीक्षा. गुण लागतात, पुढच्या प्रवेशाला लागतात, म्हणून त्यांना तुच्छ मानू नकोस. व्याख्या, शास्त्रीय नावं, वर्गीकरण हे पाठ करावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पण वाचून वाचून पाठ होत नाही. धडा वाचून झाला की वही मिट, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही, मग उघडून काय राहिलं ते दुसऱ्या रंगाने भर. तोच कागद दोन दिवसांनी, मग आठवड्याने. शास्त्रीय नाव पाठ करताना तो नमुना समोर ठेव, झाड असो की कीटक. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एक ओळ लिही: हे दुसऱ्या कुठल्या विषयाला जाऊन मिळतं? सेमिस्टरच्या शेवटी त्या ओळी एकत्र वाच, बहुतेक मोठे प्रश्न त्यांतूनच पडतात.

सुरुवात या आठवड्यात कर, तुकडा मिळायची वाट न बघता. परवानगी घेऊन कुठेही ५० सेंमी खोल खड्डा घे. एक बाजू सरळ तास, चाकू वरून खाली टोचत ने. रंग कुठे बदलतो, मुळं कुठपर्यंत आहेत, गांडुळांची बिळं किती, चाकू कुठे अडतो, हे सेंमीमध्ये लिही. प्रत्येक थरातली चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढ. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती जास्त, पट्टीच होईना आणि खरखर लागली तर वाळू जास्त, पिठासारखी मऊ लागली तर गाळाचे कण जास्त. खणताना वरच्या थराची माती एका गोणपाटावर आणि खालच्या थराची दुसऱ्यावर ठेव, आणि बुजवताना खालची आधी भर, वरची शेवटी. दोन्ही मिसळलीस तर तेवढ्या जागेवरचं पीक पुढची काही वर्षं वेगळं दिसत राहतं.